सोफ्याची कव्हरं आणि माझं अचूक माप

आमच्या सोफ्याच्या गादीची जाडी नऊ पूर्णांक दोन दशांश सेंटिमीटर आहे. हे माप मी स्वतः, भरपूर उजेडात, स्टीलच्या पट्टीने, दोनदा घेतलं आहे. आज या विधानावर आमच्या घरात, आमच्या सोसायटीत आणि कळवण तालुक्यातल्या निदान एका गावात कोणाचाही विश्वास उरलेला नाही. लोक हसतात. हसोत बापडे. मी फक्त जे झालं ते क्रमाने मांडतो.

ओझरजवळच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मी तपासणी खात्यात आहे. दुसऱ्यांनी बनवलेला भाग मापात आहे की नाही हे सांगायचं, एवढंच माझं काम. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी लोकांशी भांडलो आहे (आणि जिंकलोही आहे, दोघं जण अजून कँटीनमध्ये माझ्या टेबलावर बसत नाहीत). त्यामुळे नीलिमाने, म्हणजे माझ्या बायकोने, सोफ्याच्या तीन गाद्यांना घरीच कव्हरं शिवायचं ठरवलं, तेव्हा मापाचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. ते मी ओढून घेतलं असं ती म्हणते. आपोआप आलं, असं माझं म्हणणं आहे.

मुळात कव्हरं का, तर त्या सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक आम्ही अकरा वर्षं काढलं नव्हतं. उन्हाळ्यात पाहुणा उठायला लागला की आधी तो उठायचा आणि मग जरा वेळाने, चर्र आवाज करत, त्याच्या पोटऱ्या. शेवटी ते प्लास्टिक जागोजाग फाटलं, तेव्हा नाइलाजाने सोलून काढलं आणि आतलं कापड आम्ही पहिल्यांदा नीट पाहिलं. ते आमच्यापैकी कोणालाच आवडलं नाही. अकरा वर्षं आम्ही त्याला जपत होतो.

पण खरी गोष्ट त्या कापडाची नव्हती. नीलिमा आठ वर्षं घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गादीच्या चोवीस खुर्च्या आहेत आणि त्यांचं रेक्झिन असं सुटलंय की बसून उठलेल्या माणसाच्या पँटला काळे पापुद्रे चिकटतात. त्यांना कापडी कव्हरं शिवायचं काम बाहेरच्या शिंप्याला द्यायचं चाललं होतं. नीलिमा सरळ पवारबाईंकडे गेली आणि हे काम मला द्या म्हणाली. पवारबाई म्हणजे आमच्या कमिटीच्या अध्यक्षा, निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्ती शाळेतून घेतली आहे, मुख्याध्यापिकापणातून नाही. त्या म्हणाल्या, ब्लाउज वेगळा, खुर्ची वेगळी. आधी घरचं काहीतरी शिवून दाखव, रविवारी सकाळी अकराला येते.

"हे काम मला मिळायलाच हवंय," नीलिमा मला म्हणाली. "बाह्या लावून लावून कंटाळा आलाय. एकदा तरी माझं शिवलेलं कपाटात न जाता चार माणसांसमोर राहू दे."

तिचा आवाज जरा वेगळा होता. म्हणून मी ती गोष्ट फार गांभीर्याने घेतली. मी जर ती कमी गांभीर्याने घेतली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

नीलिमाची मापं घ्यायची पद्धत मी प्रथमच लक्ष देऊन पाहिली आणि हादरलो. ती गादीवर हात पसरून म्हणाली, "तीन विती आणि चार बोटं. जाडी साधारण पाऊण वीत, जरा कमी."

मी विचारलं, बोटं कोणाची? तुझी की माझी? उन्हाळ्यातली की थंडीतली? "साधारण" आणि "जरा कमी" ही मापं कुठल्या पट्टीवर असतात? आणि मी जाहीर केलं की या घरात बोटाने माप घेतलं जाणार नाही. मापं मी देईन, कागदावर, आकृतीसह. आणि एकदा मापाचं काम माझ्याकडे आलं की मधे कोणी लुडबुड करायची नाही. (हे वाक्य मी बोललो होतो, हे मी नाकारत नाही. प्रामाणिकपणा हा तपासणी खात्याचा पाया आहे.)

इथे अक्काचा प्रवेश होतो. अक्का ही माझी थोरली बहीण, राहते कळवणजवळच्या गावी. गुडघे दाखवायला ती सोमवारी नाशिकला आली ती सोफ्यावर बसली, मधल्या गादीवर. डावीकडच्या गादीवर तिने पेपर पसरून मेथी निवडायला घेतली, उजवीकडच्या गादीवर तिच्या तीन पिशव्या. पलंग तिला उंच पडतो, खुर्ची रुतते, म्हणून जेवण सोफ्यावर आणि झोपही सोफ्यावरच. आंघोळीला आणि दवाखान्यात जायला ती उठायची, पण त्या वेळी मी नेमका कारखान्यात. आणि मापात लुडबुड करायला तर नीलिमाला मनाईच होती.

मंगळवारी संध्याकाळी मी पट्टी घेऊन सोफ्यापुढे गुडघ्यांवर बसलो. तिन्ही गाद्या एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. अशा वेळी शहाणा माणूस तिन्ही मोजत बसत नाही. एक नमुना घेतो, तो काटेकोर मोजतो आणि तेच माप सगळ्यांना लावतो. शिवाय कडेचा नग नमुना म्हणून घेऊ नये, मधला घ्यावा, हेही ठरलेलं. मी मधला घेतला.

"उठू का रे?" अक्काने विचारलं.

आता बसलेल्या पाहुण्याने, त्यातून थोरल्या बहिणीने, त्यातून गुडघे दुखत असताना "उठू का" विचारलं तर आमच्यात त्याला एकच उत्तर आहे. दुसरं उत्तर असतं हे मला अजून माहीत नाही.

"नको, नको. बस तू," मी म्हणालो.

लांबी-रुंदी मी तिच्या मागून-पुढून पट्टी सरकवून बिनचूक घेतली. ती दोन्ही मापं आजही कोणी तपासावीत. जाडीसाठी पट्टी तिच्या पायाशेजारी उभी धरली. गादीची खालची कड ते वरची कड: नऊ पूर्णांक दोन. शंका नको म्हणून पुन्हा घेतली. नऊ पूर्णांक दोन. सगळं कागदावर उतरवलं, तारीख घातली, खाली सही केली.

नीलिमाने कागद पाहिला आणि सोफ्याकडे पाहिलं. इतकीच जाडी? मला जास्त वाटत होती, म्हणाली. आणि कव्हराच्या बाजूच्या कापडी पट्टीला दोन बोटं जास्त धरू का, असंही विचारलं. मी म्हणालो, वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. माझ्या मापावर दोन बोटं चढवायची असतील तर माप घ्यायचंच कशाला?

ती गप्प बसली. आठ वर्षांत शिवणाच्या बाबतीत ती कोणाचं ऐकून गप्प बसल्याचं हे पहिलंच उदाहरण. तिने माझ्यावर विश्वास टाकला होता, हे लिहिताना मला अजून त्रास होतो.

बुधवारी पंचवटीतल्या एका दुकानातून मोरपंखी रंगाचं जाड कापड आणलं. दुकानदाराने ठाण उलगडून सांगितलं की हा शेवटचा तुकडा, परत हा माल येणार नाही. मी मापांचा हिशेब आधीच केलेला होता, त्यामुळे तुकडा पुरला आणि चार चिंध्या उरल्या. नासधूस शून्य. दुकानदाराला मी कागद दाखवलासुद्धा. तो "वा साहेब" म्हणाला.

शुक्रवारी सकाळी अक्काला कळवणच्या एसटीत बसवून मी तसाच कामावर गेलो. शनिवारी दुपारी शेवटच्या कव्हराची चेन लावून झाली. कव्हरं अप्रतिम दिसत होती, म्हणजे टेबलावर. नीलिमाने पहिलं घेतलं आणि गादीवर चढवायला लागली. गादी अर्धी आत गेली आणि थांबली.

तिने ढकलली. मी ओढली. आमची मुलगी तन्वी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने फोन बाजूला ठेवला, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. गादी कशीबशी आत कोंबली तर चेनच्या दोन कडांमध्ये वीतभर फट. मी गादीवर दोन्ही गुडघे टेकून बसलो, तेव्हा कुठे तन्वीने चेन ओढली. लागली. मी विजयी मुद्रेने खाली उतरलो आणि गादी सगळ्या बाजूंनी फुगून आली. मधे उंच, कडेला गोल. अशा तीन गाद्या सोफ्यावर ठेवल्या तेव्हा तो सोफा राहिला नाही, तीन ढोलक्या आडव्या ठेवल्यासारखं दिसायला लागलं. मी बसून पाहिलं. घसरून जमिनीवर आलो.

नीलिमाने कागद आणला, पट्टी आणली, शिवलेली बाजूची पट्टी मोजली. नऊ पूर्णांक दोन, दोन्हीकडची शिलाई सोडून. कागदाप्रमाणे तंतोतंत.

"बघ," मी म्हणालो, "म्हणजे चूक गादीची आहे."

मी गंभीरपणे सांगत होतो. फोम हवेने फुगला असेल. अकरा वर्षं प्लास्टिकमध्ये दबून होता, आता मोकळा झाला. मला त्या सोफ्याच्या कंपनीचा मनस्वी राग आला आणि तिला पत्र लिहायचा मी विचार करत होतो, तेवढ्यात तन्वीने शांतपणे विचारलं,

"बाबा, तुम्ही माप घेतलंत तेव्हा अक्काआत्या उठली होती का?"

मी तो कागद उलटा करून ठेवला.

नीलिमा मटकन खाली बसली. आधी मला वाटलं ती रडतेय. मग वाटलं हसतेय. मग कळलं की आधी जे वाटलं तेच बरोबर होतं. "उद्या अकराला बाई येणार आहेत," एवढंच ती म्हणाली. दुकानात कापड नव्हतं, उसवून पुन्हा शिवायला पट्टीत जागा नव्हती. कारण दोन बोटं मी धरू दिली नव्हती.

मी स्वतःच्या बचावासाठी अक्काला फोन लावला. मला फक्त एक आकडा हवा होता.

"अक्का, दवाखान्यात तुझं वजन केलं ना? किती भरलं?"

"एकाहत्तर. का रं?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हणलं नव्हतं, उठू का म्हून?"

"म्हणालीस. पण तुला ऊठ कसं म्हणू? तुझे गुडघे..."

"गुडघं दुखत्यात, मेली नाय मी. लहानपनी तर पाटावरनं ढकलून द्यायचास मला. आन आता लय मान द्यायला लागला." मग तिने फोन नीलिमाला द्यायला सांगितला आणि दोघी माझ्याविषयी पंधरा मिनिटं बोलल्या. मला ऐकू येत होतं ते फक्त नीलिमाचं "हो ना" आणि "तेच तर".

पण तो आकडा मिळाल्याने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कव्हर चुकलेलं नव्हतंच! ते एकाहत्तर किलोला अगदी बरोबर बसत होतं. म्हणजे प्रत्येक गादीवर एकाहत्तर किलो वजन ठेवलं की सोफा निर्दोष. मी चौसष्ट किलोचा आहे. माझ्या मांडीवर हत्यारांची पेटी ठेवली, सात किलो, की झाले एकाहत्तर. तन्वी एकोणपन्नास; तिच्या मांडीवर पंधरा किलोचा गव्हाचा डबा आणि वर लोखंडी खलबत्ता. मधल्या गादीवर खुद्द पवारबाई बसतील, त्या अंदाजे अडुसष्ट, आणि तीन किलोची तूट मी मनाने सोडून दिली. नीलिमाने या योजनेला मान्यता दिली नाही, पण तिच्याकडे दुसरी योजनाही नव्हती.

रविवारी अकराला एक मिनिट कमी असताना बेल वाजली. तन्वी आणि मी आधीच आपापल्या गादीवर बसलेलो होतो. पवारबाई आत आल्या, मधे बसल्या, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. उजवीकडे एक कॉलेजची मुलगी मांडीवर डबा आणि खलबत्ता घेऊन बसलेली. डावीकडे घरचा कर्ता पुरुष, सुटीच्या दिवशी, मांडीवर लोखंडी पेटी घेऊन.

"कुठे निघालात का?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, नाही, असंच. पेटी जवळ असली की बरं वाटतं.

त्या मान हलवून चहा प्यायल्या. रंग छान निवडलाय म्हणाल्या. बसायला पण चांगलं आहे म्हणाल्या. मला वाटलं, आता पाच-दहा मिनिटं काढली की जिंकलो. मी विषय पार्किंगकडे वळवला. पण त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा चढवला आणि म्हणाल्या, "जरा उठता का? कडेची शिलाई बघते."

मी म्हणालो, बघा ना, मी बसलोय त्याने काय होतंय. त्या म्हणाल्या, तुमच्या बसण्यानेच होतंय. मी म्हणालो, माझ्या पायाला मुंग्या आल्यात. तन्वीने डोळे मिटले. मी आणखी एखादं कारण शोधत होतो, इतक्यात दारात उभी असलेली नीलिमा पुढे आली. तिचा चेहरा मी बावीस वर्षं पाहतो आहे, पण असा कधी पाहिला नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "उठा. मला असं फसवून काम नकोय."

मी उठलो. माझ्याबरोबर पेटी उठली. आमच्या पाठोपाठ गादीही उठली. कट्‌कट् करत चेनचे दात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुटले आणि त्या फटीतून पिवळा फोम जीभ काढल्यासारखा बाहेर आला. दचकून तन्वी उठली, तर तिकडचीही चेन गेली आणि खलबत्ता पवारबाईंच्या पायापासून जेमतेम एका वितीवर पडला. (वीत म्हणतो आहे, कारण त्या क्षणी माझ्या हातात पट्टी नव्हती.)

मग पवारबाई स्वतः सावकाश उठल्या आणि मागे वळून पाहिलं. त्यांची चेन टिकली होती. गादी मात्र त्यांच्यादेखत फुगत फुगत वर आली. उभं राहून एवढा मान त्यांना कुठल्या विद्यार्थ्यानेही दिला नसेल.

नीलिमा नजर खाली घालून उभी होती. पवारबाईंनी खुर्चीवर बसून फुटलेली गादी मांडीवर घेतली आणि शिलाईवरून अंगठा फिरवायला लागल्या. एक बाजू, दुसरी बाजू, चारही कोपरे. खूप वेळ घेतला. मग म्हणाल्या, "चेन फुटली. कापड ताणलं गेलं. पण टीप एकसुद्धा उसवली नाही. हे कोपरे तू मशीनवर घेतलेस?"

"दोनदा टीप मारलीय," नीलिमा म्हणाली.

"आमच्या हॉलमध्ये लोक खुर्चीवर बसत नाहीत, आदळतात. मला अशीच शिलाई हवी." त्यांनी गादी खाली ठेवली. "माप कोणी घेतलं होतं?"

मी पेटी छातीशी धरून उभा होतो. तन्वी छताकडे पाहत होती. नीलिमाला एका शब्दात आपला बचाव करता आला असता. ती म्हणाली, "घरातच घेतलं."

पवारबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. चौकशी तिथेच संपली. चोवीस खुर्च्यांचं काम नीलिमाला मिळालं, एका अटीवर: मापं तिने स्वतः घ्यायची, तिच्या पद्धतीने.

सोफ्याच्या बाजूच्या अरुंद पट्ट्या नीलिमाने त्याच आठवड्यात काढून टाकल्या आणि जुन्या पडद्याच्या बदामी कापडाच्या रुंद पट्ट्या लावल्या. जाडी तिने वितीने घेतली. आता येणारे-जाणारे विचारतात की मोरपंखीला बदामी कड द्यायची कल्पना कोणाची. या कल्पनेचं श्रेय घ्यायला मला घरात मनाई आहे, जरी तांत्रिकदृष्ट्या ते माझंच आहे.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये खुर्च्यांची मापं घ्यायची होती. मीही गेलो, अठ्ठावीस वर्षांचा अनुभव घरी ठेवून कसा जाणार? पट्टी नीलिमाने माझ्या हातून काढून घेतली आणि मला एकच काम दिलं. कुठल्याही खुर्चीवर माणूस, पिशवी किंवा मेथी नाही ना, तेवढं बघायचं आणि रिकाम्या खुर्च्यांचा आकडा सांगायचा. अपमानच होता तो, पण मी गिळला. पवारबाई मला "बसा ना" म्हणाल्या, मी बसलो आणि नीट, एक एक करत, दोनदा मोजलं.

तेवीस भरल्या. तसं मी खणखणीत आवाजात सांगितलंही. चोविसावी खुर्ची शोधायला नीलिमाने स्टेजच्या मागे पाहिलं, तन्वीने गच्चीचा जिना पाहिला आणि पवारबाईंनी वॉचमनला बोलावून झापलं. वीस मिनिटं सगळा हॉल पालथा घालणं चाललं होतं आणि आधी कुठे बघा, मग कुठे बघा, या सूचना मी बसल्या जागेवरून देत होतो.